सेल्फ मारला, म्हणजे नेमकं काय झालं?

मोटारीचं इंजिन कितीही ताकदीचं असो, ते स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. पेट्रोल पेटवायचं तर आधी हवा आत ओढावी लागते, मग ती दाबावी लागते, आणि मग ठिणगी. ओढण्याचं आणि दाबण्याचं काम पिस्टन करतो. पिस्टन हलतो क्रँकशाफ्ट फिरल्यावर, आणि क्रँकशाफ्ट फिरतो आधीच्या स्फोटाच्या जोरावर. पण पहिल्या स्फोटाच्या आधी स्फोट कुठून आणायचा? म्हणून सुरुवातीचे काही फेरे इंजिनाला बाहेरून कुणीतरी द्यावेच लागतात. हे काम करणारी स्टार्टर मोटर आपल्याकडे गॅरेजपासून घरापर्यंत सगळ्यांना ‘सेल्फ’ म्हणूनच माहीत आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे, बहुतेक गाड्यांत खालच्या अंगाला, हे काही किलो वजनाचं नळकांडं बोल्टांनी आवळलेलं असतं. दिवसातून मोजक्या वेळा, आणि तेही सेकंदभरच, त्याला काम असतं. पण त्या सेकंदात तिथे जे घडतं ते इतकं देखणं आहे की एकदा समजलं, की किल्ली फिरवताना कान आपोआप टवकारतात. आणि सेल्फ रुसला तर त्याच्या आवाजावरूनच निम्मं निदान होतं.

हँडल मारण्याचा काळ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंजिन माणसाच्या हातांनी फिरवावं लागे. गाडीच्या पुढच्या भोकातून लोखंडी हँडल आत घालायचं, क्रँकशाफ्टच्या टोकाला अडकवायचं आणि झटक्यात वर खेचायचं. आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांबरोबर असं हँडल मिळायचं. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारलेले हात तर महाराष्ट्राच्या गावोगाव सापडतील. डिझेल इंजिनात हवेचा दाब फार, म्हणून आधी डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून दाब मोकळा सोडायचा, जड चाकाला गती द्यायची, आणि चाक भरात आलं की खटका पाडायचा. दम आणि अंदाज दोन्ही लागत.

पेट्रोल गाडीत वेगळाच धोका होता. चालक ठिणगीची वेळ मागे घ्यायला विसरला, तर पिस्टन वर पोचण्याआधीच इंधन पेटे, पिस्टन उलटा ढकलला जाई आणि हँडल उलट्या दिशेने हातावर येई. मनगटं मोडत. मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला हाडांचे डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, तो या हँडलचाच वारसा. हँडल धरताना अंगठा मुठीभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे झटका आला तर हात सुटतो, हे त्या काळी गाडी शिकणाऱ्याला आधी शिकवलं जाई.

अमेरिकेत डेट्रॉइटची एक हकिगत प्रसिद्ध आहे. बायरन कार्टर नावाचा मोटार-उत्पादक रस्त्यात बंद पडलेल्या एका बाईंच्या मदतीला थांबला, हँडल उलटं येऊन त्याच्या जबड्यावर बसलं आणि पुढे १९०८ साली तो वारला. तपशिलांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी हँडल हद्दपार करायचा ध्यास घेतला, आणि ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगने ते करून दाखवलं, हे मात्र नक्की.

विजेच्या मोटरने इंजिन फिरवण्याची कल्पना केटरिंगच्या आधीही सुचली होती. अडत होतं ते आकारावर. इंजिन फिरवण्याइतकी ताकद असलेली मोटर आणि तिला पुरेल अशी बॅटरी घ्यावी, तर गाडीत माणसांना जागा उरेना. केटरिंगने आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेवर आणलं होतं. तिथे मोटरला क्षणभरच जोर लावायचा असतो. तोच विचार त्याने गाडीला लावला. मोटरची मर्यादा ठरवते ती उष्णता: जास्त करंट सोडला की तारा तापतात आणि जळतात. पण तापायला वेळ लागतो. मोटर काही सेकंदच चालणार असेल, तर तिच्यातून नेहमीच्या कितीतरी पट करंट सोडता येतो आणि लहानशी मोटर मोठ्या मोटरचं काम करून जाते. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्या हे यंत्र घेऊन बाजारात आल्या आणि १९१५ मध्ये केटरिंगला त्याचं पेटंट मिळालं. त्या दिवसांत शहरांमधून विजेवरच्या मोटारीही भरपूर धावत होत्या, कारण त्यांना हँडल मारावं लागत नसे. त्यांचं हे मोठं आकर्षण पेट्रोल गाडीने एका विजेच्या मोटरच्याच मदतीने काढून घेतलं.

सेकंदभराचा हिशेब

आजची छोटी पेट्रोल गाडी घेऊ. इंजिन फिरवताना तिचा सेल्फ साधारण १०० ते २०० अँपिअर करंट ओढतो. समजा १५०. एवढा भार पडला की बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टवरून १० च्या आसपास उतरतो. म्हणजे सुमारे १,५०० वॅट, जवळजवळ दोन अश्वशक्ती, आणि तीही एका हातात मावेल अशा मोटरमधून.

बॅटरीवर याचा बोजा किती? ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२६,००० अँपिअर-सेकंद साठवलेले असतात. त्यातले आपण दीडशे वापरले, म्हणजे आठशेवा भाग. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तो खर्च थोड्याच वेळात भरून काढतो. म्हणून निरोगी बॅटरी वर्षानुवर्षं हे झटके सोसते.

विजेच्या मोटरची आणखी एक खुबी इथे कामाला येते. मोटर फिरू लागली की ती त्याच वेळी जनित्रही होते आणि आपल्याच पुरवठ्याला विरोध करणारा दाब निर्माण करते. वेग जितका जास्त, तितका विरोध जास्त आणि करंट कमी. ती थांबलेली असते तेव्हा विरोध शून्य, म्हणून करंट सर्वात जास्त आणि जोरही सर्वात जास्त. आपल्याला नेमकं हेच हवं असतं, कारण सर्वात जड काम असतं ते थिजलेलं इंजिन जागचं हलवण्याचं. याचीच दुसरी बाजू अशी, की इंजिन जाम असेल आणि मोटर फिरलीच नाही, तर करंट कित्येक शे अँपिअरवर जाऊन टिकतो आणि आतल्या तारा भाजून निघतात.

दोन वेटोळी

मला स्वतःला या सगळ्यात सर्वात जास्त भुरळ घालतो तो सोलेनॉइड, म्हणजे सेल्फच्या अंगावर बसवलेलं छोटं नळकांडं. त्याला दोन कामं करायची असतात. मोटरचं लहान दातेरी चाक पुढे सरकवून इंजिनाच्या मोठ्या दातेरी कड्यात अडकवायचं, आणि मग मोटरला बॅटरीचा पूर्ण करंट जोडून द्यायचा. क्रम चुकला तर दात्यांचा चुरा होईल.

सोलेनॉइडच्या आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. जाड तारेचं वेटोळं खेचणारं, बारीक तारेचं धरून ठेवणारं. फेरे दोन्हींचे सारखे. किल्ली फिरवली की दोघांनाही करंट मिळतो. बारीक वेटोळ्याचं दुसरं टोक थेट अर्थला जोडलेलं असतं. जाड वेटोळ्याचं दुसरं टोक मात्र मोटरमधून फिरून अर्थला जातं. दोघं मिळून मधला लोखंडी दांडा आत ओढतात. दांड्याला जोडलेला काटा दातेरी चाकाला पुढे ढकलतो, आणि जाड वेटोळ्यातून मोटरमध्ये गेलेल्या थोड्याशा करंटमुळे मोटर हलकेच वळू लागते, म्हणजे दात्यासमोर दाता आला तरी तो घसरून खाचेत बसतो.

दांडा शेवटापर्यंत गेला की त्याच्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड टर्मिनलना टेकते आणि मोटरला पूर्ण करंट मिळतो. त्याच क्षणी खेचणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना बॅटरीचा सारखाच दाब येतो. दोन्हीकडे दाब सारखा, म्हणजे करंट बंद. आपलं काम संपलं की हे वेटोळं आपोआप विझतं. त्यासाठी ना वेगळा स्विच, ना वेगळी तार. पुढे दांडा धरून ठेवायला बारीक वेटोळं पुरेसं होतं.

खरी कमाल किल्ली सोडल्यावर होते. चकती अजून क्षणभर टेकलेलीच असते, त्यामुळे आता मोटरच्या टर्मिनलकडून करंट उलटा येतो. आधी जाड वेटोळ्यातून उलट दिशेने, मग तोच करंट बारीक वेटोळ्यातून सुलट दिशेने. फेरे सारखे, करंट सारखा, दिशा विरुद्ध. दोघांची चुंबकं एकमेकांना खोडून काढतात, स्प्रिंग दांडा मागे फेकते, दाते सुटतात आणि मोटर थांबते. फेरे सारखे का ठेवले, याचं उत्तर इथे मिळतं. दोन तारांच्या गुंडाळ्यांत एवढा विचार बसवणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर वाटतो.

दहा दाते आणि एक सुटका

सेल्फच्या चाकाला नऊ-दहा दाते असतात, तर इंजिनाच्या जड चाकाभोवतीच्या (फ्लायव्हीलच्या) मोठ्या दातेरी कड्याला, म्हणजे रिंग गिअरला, शंभराच्या वर. मोटरचे दहा-बारा फेरे झाले की इंजिनाचा एक. वेग कमी होतो आणि जोर तितकाच वाढतो. इंजिन मिनिटाला सुमारे २०० फेऱ्यांनी फिरू लागतं आणि पेट घेतं.

पेट घेतल्यावर पारडं फिरतं. इंजिन क्षणार्धात हजार-दीड हजार फेऱ्यांवर जातं. दाते अजून अडकलेले असतील तर इंजिनच मोटरला पंधरा-वीस हजारांच्या वेगाने फिरवू पाहील, आणि तिच्यातली तांब्याची गुंडाळी उचकटून बाहेर येईल. ते टाळतो एकतर्फी क्लच. त्याचं काम सायकलच्या फ्रीव्हीलचंच: पॅडल मारलं की चाक फिरतं, पण चाक पुढे धावलं म्हणून पॅडल फिरत नाही. क्लचच्या आत निमुळत्या खाचांमध्ये लहान रोलर असतात. मोटर इंजिनाला फिरवते तेव्हा ते अरुंद टोकाकडे जाऊन घट्ट रुतून बसतात; इंजिन पुढे धावलं की रुंद टोकाकडे मोकळे होतात. क्लच आणि दातेरी चाक मिळून होणाऱ्या या भागाला मेकॅनिक ‘बेंडिक्स’ म्हणतात. व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकी संशोधकाची रचना वेगळी होती, पण नाव टिकलं.

रिंग गिअरची झीज पाहिली तर आणखी एक गंमत दिसते. बंद केलेलं इंजिन कुठेही थांबत नाही. शेवटच्या क्षणी कुठल्यातरी सिलिंडरमधली दाबलेली हवा पिस्टनला अडवते आणि इंजिन तिथेच विसावतं. चार सिलिंडरच्या इंजिनात अशा जागा प्रामुख्याने दोन, समोरासमोरच्या. साहजिकच सेल्फचा पहिला धक्का वर्षानुवर्षं त्याच दोन ठिकाणच्या दात्यांवर बसतो आणि तेच आधी झिजतात. जुनी गाडी कधी लागते, कधी नुसती खरखरते, याचं हे एक कारण आहे.

आवाज ऐका

एवढं कळलं की बिघाडाचे आवाज उलगडू लागतात.

किल्ली फिरवल्यावर ‘टकटकटकटक’ असा भरभर आवाज आला तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलांवर. चकती टेकते, मोटरच्या भाराने दाब कोसळतो, धरून ठेवणाऱ्या एकट्या वेटोळ्याला दांडा पेलत नाही, चकती सुटते. भार गेला की दाब पुन्हा चढतो आणि तेच चक्र परत. सेकंदात अनेकदा.

एकच ठसठशीत ‘टक’ आणि मग शांतता असेल, तर दांडा पोचला पण करंट पुढे गेला नाही. बहुधा चकती जळून खडबडीत झाली आहे, नाहीतर मोटर जाम आहे. मोटर सुसाट फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन हलत नाही, तर एकतर्फी क्लच घसरतोय. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर म्हणजे दाते. गाडी सुरू झाल्यावरही किंचाळ थांबत नसेल, तर चाक मागे आलेलं नाही; लगेच गाडी बंद करा.

काहीच आवाज नसेल तर किल्लीचा स्विच, रिले, क्लच पेडलचा स्विच असं एकेक तपासावं. आणि मोटरचे कार्बन ब्रश संपले असतील तरीही अशीच शांतता पसरते, कारण खेचणाऱ्या वेटोळ्याची अर्थची वाट मोटरमधूनच जाते. मोटरमधली वाट तुटली की तेही लंगडं पडतं.

सेल्फ बदलण्याआधी मल्टीमीटर जरूर लावावा. कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगायची आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत किती व्होल्ट हरवतात ते पाहायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त हरवत असतील तर दोष केबलमध्ये किंवा सांध्यात. निगेटिव्ह खुंटी आणि सेल्फचं अंग यांच्यात तर पाव व्होल्टच्या आसपासच हवं. गंजलेल्या सांध्यात एका ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला, तरी दीडशे अँपिअरला तो दीड व्होल्ट खातो. अर्थची पट्टी घासून पुसून पुन्हा आवळल्यावर मेलेला सेल्फ जिवंत होतो, तो यामुळे.

सेल्फ उघडल्यावर

काढायचाच झाला तर पहिला पाना बॅटरीच्या निगेटिव्हला. सेल्फच्या जाड केबलला सहसा फ्यूज नसतो; चालू केबलवरचा पाना बॉडीला टेकला तर तिथेच वेल्डिंग होतं.

मागचं झाकण काढलं की काळी भुकटी बाहेर पडते. ती ब्रशची झीज. साधारणपणे ब्रश निम्म्यावर आला की बदलायचा, आणि स्प्रिंग त्याला नीट दाबते का हेही पाहायचं. ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर, तांब्याच्या पट्ट्या शेजारी शेजारी आणि मध्ये मायक्याच्या बारीक रेषा. चांगल्या कम्युटेटरचा रंग एकसारखा तपकिरी असतो. एखादीच पट्टी जळकी दिसली तर तिला जोडलेली तार तुटल्याची शंका घ्यावी. साफ करायला बारीक काचकागद चालतो, एमरी नको. तिचे कण वीजवाहक असतात आणि पट्ट्यांच्या मध्ये अडकून बसतात. आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या, लोखंडावर एका बाजूला चकचकीत घासल्याच्या खुणा असतील तर त्याला आधार देणारा बुश झिजला आहे. बदलायला हा भाग अगदी स्वस्त असतो, पण त्याच्यामुळे आर्मेचर तिरका होऊन घासतो आणि सेल्फ जड फिरतो. बेंडिक्स पेट्रोलमध्ये धुऊ नये, आतलं कायमचं ग्रीस निघून जातं.

रिवाइंडिंगच्या दुकानात ‘ग्रोलर’ नावाचं साधं उपकरण असतं, ते चालताना एकदा पाहाच. इंग्रजी व्ही अक्षराच्या खाचेत आर्मेचर ठेवतात आणि खालच्या विद्युतचुंबकाला एसी करंट देतात. कारागीर आर्मेचर हळूहळू फिरवत त्यावर करवतीचं पातं धरतो. गुंडाळी निरोगी असेल तर पातं गप्प. कुठे आतल्या आत शॉर्ट असेल, तर त्या वेटोळ्यात करंट उमटतो, त्याचं चुंबकत्व तयार होतं आणि पातं त्या खाचेवर थरथरून गुणगुणू लागतं. डोळ्यांना न दिसणारा दोष एका तुटक्या पात्याने बोटाएवढ्या जागेत दाखवून दिला जातो.

केटरिंगच्या मूळ यंत्रात मोटर आणि जनित्र एकच होतं. नंतर दोन्ही वेगळी झाली. आता ती पुन्हा एकत्र येत आहेत: मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पट्ट्यावरचं जनित्रच उलट मोटर होऊन सुरू करतं, आणि ॲक्टिव्हासारख्या स्कूटर आवाज न करता सुरू होतात त्याही याच युक्तीने.

तुमच्या गाडीचा सेल्फ वर्षानुवर्षं टिकावा असं वाटत असेल तर किल्ली सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्या. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ अजिबात मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आणि कुणी ‘सेल्फ गेला, नवीन टाका’ म्हणालं, तर आधी बॅटरी, केबल आणि अर्थ तपासून घ्या, मग सेल्फ उघडून ब्रश, बुश आणि चकती तुमच्यासमोर दाखवायला सांगा. बऱ्याचदा बदलावं लागतं ते एवढंच.